वाईट बातमी सांगणं कोणाला परवडतं?

प्रश्न

एका सॉफ्टवेअर कंपनीत दीड वर्षापूर्वी मॅनेजर झालेल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्यांच्या टीममध्ये बारा जण आहेत. सहा जण त्यांच्याच ऑफिसात, तिघं जर्मनीत, दोघं जपानमध्ये आणि एक अमेरिकेत. त्यांचे डायरेक्टरही अमेरिकेत असतात.

जर्मनीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने भर मीटिंगमध्ये एका ज्युनिअर मुलीचं डिझाइन ‘हे चालणार नाही, पुन्हा करावं लागेल’ म्हणून मोडीत काढलं. तेव्हापासून ती मुलगी कॉलवर कॅमेरा बंद ठेवून गप्प बसते. जपानमधले दोघं मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत आणि दोन दिवसांनी, सगळं ठरून गेल्यावर, आक्षेपांची लांबलचक मेल पाठवतात. मैत्रिणीच्या स्वतःच्या ऑफिसातली मुलं दर वेळी ‘होईल’ म्हणतात आणि डेडलाइनच्या आदल्या दिवशी कळतं की निम्मं काम शिल्लक आहे. डायरेक्टर म्हणतात, ‘तुमची माणसं खरं सांगत नाहीत. हा कल्चरचा प्रश्न आहे, तो तुम्ही सोडवा.’ कंपनीने एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं, त्यात कोणत्या देशातली माणसं कशी वागतात याचे तक्ते मिळाले.

सध्या या मैत्रीण सगळ्यांचे निरोप सौम्य करून इकडून तिकडे पोचवतात आणि त्यातच थकून जातात. त्यांचा प्रश्न असा : प्रत्येकाला दुसऱ्याशी कसं वागायचं ते शिकवू, की मीच कडक होऊ, की मॅनेजरपद सोडून पुन्हा तांत्रिक कामाकडे जाऊ?

उत्तर

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. त्यात जर्मन आहेत, जपानी आहेत, अमेरिकन आहेत, ‘आमची मुलं’ आहेत. पण त्यांतल्या एकालाही स्वतःचा स्वभाव नाही. तो जर्मन सहकारी मुळातच फटकळ असेल, ही शक्यता तुमच्या मनात आलेली दिसत नाही. जपानमधल्या दोघांपैकी एखादी व्यक्ती तिथल्या ऑफिसातही बुजरी म्हणूनच ओळखली जात असेल. ‘होईल’ म्हणणाऱ्यांत एखादा असा असेल की ज्याला कामाचा अंदाजच बांधता येत नाही, आणि त्याचा संस्कृतीशी काडीचाही संबंध नसेल. असल्या ट्रेनिंगनंतर हे हमखास होतं. तक्ता हातात आला की माणूस दिसेनासा होतो.

तक्ते टाकाऊ आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्यामागे मोठं काम आहे. गेर्ट हॉफस्टेड या डच सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांनी १९६७ ते १९७३ या काळात भरलेल्या लाखाहून जास्त प्रश्नावल्या तपासल्या आणि १९८० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातलं अंतर कुठे किती स्वाभाविक मानलं जातं, ही मोजपट्टी त्यातूनच आली. त्याच सुमारास अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी दाखवलं की काही समाजांत बरंचसं न बोलता, संदर्भातून समजून घ्यायचं असतं, तर काही ठिकाणी जे शब्दांत सांगितलं तेवढंच धरलं जातं. हे वाचून खूप जणांना पहिल्यांदा कळतं की समोरचा माणूस उद्धट किंवा लबाड नाही, त्याचे संकेत वेगळे आहेत. एवढा उपयोग पुष्कळ झाला.

पण हॉफस्टेड यांनीच बजावून ठेवलं होतं की हे आकडे देशांच्या तुलनेसाठी आहेत, त्यावरून एखाद्या माणसाचा अंदाज बांधू नये. पुढे टीकाकारांनी विचारलं की एकाच कंपनीतल्या माणसांवरून अख्ख्या देशाबद्दल बोलायचं कसं? या शंका ट्रेनिंगच्या स्लाइडवर येत नाहीत. तिथे येतो तो रंगीत आलेख, आणि तो पाहून आपल्याला वाटतं की आता समजलं सगळं.

हॉफस्टेड यांच्याच देशाचं उदाहरण घेऊ. वरिष्ठाला तोंडावर ‘तुमचं चुकतंय’ म्हणण्यात डच माणसं फार पुढे असतात, असं असे तक्ते सांगतात. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुकं होतं. केएलएम या डच कंपनीचं जंबो जेट उड्डाणासाठी धावपट्टीवरून निघालं, तेव्हा त्याच धावपट्टीवर पॅन अॅम या अमेरिकन कंपनीचं दुसरं जंबो होतं. डच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका आली आणि त्याने विचारलंही, की ते विमान अजून बाजूला झालं नाही की काय. कॅप्टनने ठामपणे सांगितलं, झालंय. कॅप्टन म्हणजे कंपनीतले नावाजलेले प्रशिक्षक. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. ५८३ माणसं गेली. अपघाताची कारणं अनेक होती : धुकं, एकमेकांवर चढलेले रेडिओ संदेश, निघण्याची घाई. पण वरिष्ठापुढे शंका रेटता न येणं हेही त्यातलं एक होतं, आणि ते घडलं अतिशय स्पष्टवक्त्या मानल्या जाणाऱ्या माणसांमध्ये.

त्यानंतर विमान कंपन्यांनी काय केलं ते तुमच्या कामाचं आहे. कोणत्या देशाचे वैमानिक दबून वागतात याच्या याद्या करत त्या बसल्या नाहीत. १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या एका कार्यशाळेपासून कॉकपिटमधल्या वागण्याचं रीतसर प्रशिक्षण आकाराला आलं आणि काही वर्षांत ते जगभर पसरलं. शंका आली की कनिष्ठाने ती कशी मांडायची, ऐकली गेली नाही तर पुन्हा कशी मांडायची, आणि कॅप्टनने ती कशी मागून घ्यायची, हे नेमून दिलं गेलं. म्हणजे बोलणं हा धाडसाचा भाग राहिला नाही, ड्युटीचा भाग झाला.

याच बाबतीतलं दुसरं उदाहरण कारखान्यातलं आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्ट इथला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. कामगार वाटेल तेव्हा गैरहजर राहायचे, व्यवस्थापनाशी सतत भांडण, गाड्यांचा दर्जा सुमार. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला. बहुतेक कामगार जुनेच घेतले, युनियनही तीच राहिली. पूर्वी काहीही झालं तरी गाड्या जोडण्याची लाइन थांबवायची नाही असा दंडक होता. गाडीत चूक दिसली तरी ती तशीच पुढे जायची. आता प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी आली. चूक दिसली की ती ओढायची. ओढली की टीम लीडर धावत यायचा, ‘कोणी केलं’ विचारायला नव्हे, तर ‘काय अडलं’ बघायला. वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबायची. थोड्याच काळात त्या कारखान्यातल्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या गाड्यांच्या जवळ गेला. जुन्या व्यवस्थेत जे कामगार ‘आळशी’ आणि ‘बेजबाबदार’ ठरले होते, त्यांतलेच हे बहुतेक जण.

म्हणून मला वाटतं, तुमचा प्रश्न तुम्ही थोडा वेगळ्या ठिकाणी उभा करावा. कोणत्या देशाची माणसं खरं सांगतात, हे बाजूला ठेवा. तुमच्या टीममध्ये वाईट बातमी सांगायची किंमत किती आहे आणि ती कोणाला मोजावी लागते, हे बघा. संस्कृतीचा परिणाम खरा आहे, मी तो नाकारत नाही; एखाद्याला ती किंमत जास्त वाटते, एखाद्याला कमी. पण किंमत ठरवणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. माणसांचे संस्कार तुमच्या हातात नाहीत.

तुम्ही ज्या गुरुवारच्या कॉलबद्दल लिहिलंय, तोच जरा जवळून बघू. तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेत. डायरेक्टर स्क्रीनवर आहेत, बाकी दहा-अकरा जण ऐकतायत. डायरेक्टर हसून विचारतात, ‘म्हणजे सोमवारी देतोय आपण, बरोबर?’ तुमच्या टीममधला मुलगा म्यूट काढतो, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘येस, वुई विल ट्राय.’ डायरेक्टर पुढच्या विषयाकडे वळतात. सोमवारी काम होत नाही.

आता त्या मुलाच्या जागी बसून बघा. प्रश्नातच उत्तर दिलेलं आहे. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, ते परक्या भाषेत, सगळ्यांसमोर, मिनिटभरात, ज्यांच्या सहीने आपलं अप्रेझल होतं त्यांना. शिवाय ते कारण सांगताना कदाचित शेजारच्या सहकाऱ्याकडून उशीर झालाय हेही बाहेर पडणार. आणि खरं सांगून मिळणार काय? आणखी दोन प्रश्न आणि रोज सकाळी एक जास्तीचा कॉल. या परिस्थितीत ‘ट्राय’ म्हणणं हा भित्रेपणा नाही, शहाणपण आहे. त्या ‘ट्राय’मध्ये त्याने नकार दिलेलाही आहे, तो ऐकण्याची सोय त्या कॉलवर नव्हती एवढंच.

तेव्हा ‘होईल का’ हा प्रश्न आजपासून बंद करा. डायरेक्टरांनाही तो विचारू देऊ नका. कॉलच्या आधी, दिवसाउजेडी, प्रत्येकाने लिहून द्यायचं : काय झालं, काय अडलं, आणि ठरलेल्या तारखेला होईल याची खात्री किती वाटते. खात्री दहापैकी आकड्यात. ‘दहापैकी चार’ लिहिणं हे ‘नाही’ म्हणण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं, आणि तुम्हाला हवी ती माहिती त्यात पूर्ण येते. शक्य असेल तिथे सांगण्याऐवजी दाखवायला सांगा. बुधवारी जेवढं चालतंय तेवढं स्क्रीनवर चालवून दाखवायचं. अर्धवट काम दाखवण्याची सवय लागली की डेडलाइनच्या आदल्या रात्रीचे धक्के आपोआप कमी होतात.

यात एक कळीची गोष्ट आहे. पहिल्यांदा कोणीतरी ‘दहापैकी तीन’ लिहील, त्या दिवशी तुम्ही काय करता याकडे सगळ्यांचं लक्ष असेल. त्या माणसाला मदत मिळाली, काम दुसऱ्याकडे वाटलं गेलं किंवा तारीख पुढे गेली, तर पुढच्या आठवड्यात आणखी दोघं खरं लिहितील. ‘आधी का नाही सांगितलंस’ एवढं एक वाक्य जरी तुमच्या तोंडून गेलं, तरी पुन्हा सगळे नऊ आणि दहा लिहायला लागतील.

जपानमधल्या सहकाऱ्यांच्या बाबतीत तुम्ही त्यांना थोडं चुकीच्या बाजूने बघताय असं मला वाटतं. ‘सगळं ठरून गेल्यावर’ मेल येते असं तुम्ही लिहिलंय. ठरलं कधी? तुमच्या मते, मीटिंगमध्ये. जपानी कंपन्यांत बऱ्याच ठिकाणी निर्णयाआधी संबंधित प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून, त्याचे आक्षेप घेऊन, प्रस्ताव सुधारून घ्यायची पद्धत असते. नेमावाशी म्हणतात तिला. मीटिंग होते तेव्हा बहुतेक गोष्टी जुळलेल्या असतात. तिथे काम केलेल्या माणसाला तुमच्या मीटिंगमध्ये नवा प्रस्ताव पहिल्यांदाच दिसतो आणि अर्ध्या तासात त्यावर शिक्कामोर्तब होतं. तो बोलणार काय? त्याला ते वाचायचंय, तपासायचंय, कदाचित तिथल्या आपल्या वरिष्ठाला विचारायचंय. दोन दिवसांत त्याने ते सगळं केलं आणि मुद्देसूद लिहून पाठवलं. त्या मेलमधले आक्षेप बरोबर होते की चूक, याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नाही. मला तेच सगळ्यात आधी विचारावंसं वाटतं. बरोबर असतील, तर तुमच्या टीममधलं सगळ्यात काळजीपूर्वक काम हे दोघं करतायत आणि तुमची पद्धत त्याला उशीर ठरवतेय.

उपाय फार कठीण नाही. प्रस्ताव मीटिंगच्या तीन दिवस आधी लिहून पाठवा. दोघांशी आधी पंधरा मिनिटं एकेकट्याने बोला. मीटिंगमध्ये चर्चा करा, पण निर्णय लेखी हरकतींसाठी आणखी दोन दिवस उघडा ठेवा आणि तो कोणत्या दिवशी, किती वाजता बंद होणार ते सांगा. त्यानंतर आलेली हरकत पुढच्या फेरीत. याचा फायदा फक्त जपानला होणार नाही. तुमची ती गप्प झालेली मुलगीही लिहायला लागेल. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा सगळ्यांनाच विचार करायला वेळ मिळेल. आणि तुमच्या टीममध्ये तसे जवळजवळ सगळेच आहेत, डायरेक्टर आणि कदाचित तो एक अमेरिकन सहकारी सोडून. मीटिंगमध्ये कोण जास्त बोलतं याचा अंदाज घ्या. बोलण्याचं प्रमाण आणि अक्कल यांचा मेळ क्वचितच बसतो, पण इंग्रजी सफाईदार असण्याशी मात्र बऱ्याचदा बसतो.

मत घेताना सगळ्यात ज्युनिअर माणसापासून सुरुवात करा. जुन्या लष्करी न्यायालयांत कनिष्ठ अधिकाऱ्याचं मत आधी घेत, ते याच कारणाने. ज्येष्ठाचं मत एकदा टेबलावर आलं की पुढचे लोक मत देत नाहीत, मान डोलावतात.

आता जर्मनीतले सहकारी. त्यांचं बोलणं त्या मुलीला इतकं का लागलं, हे तुम्हाला आणि मला सहज कळतं. पण अनेक जर्मन कार्यालयांत कामातली उणीव स्पष्ट सांगणं हा समोरच्याला गांभीर्याने घेतल्याचा पुरावा असतो. ‘चांगलंय, फक्त एक छोटीशी सूचना’ असं म्हणून मुख्य दोष शेवटी पुटपुटणं त्यांना अप्रामाणिक वाटू शकतं. तुमचे अमेरिकन डायरेक्टर कदाचित नेमकं तसंच बोलत असतील, आणि मग जर्मन टीमला त्यांची नाराजी पोचतच नसेल. हेही एकदा तपासून बघा.

पण त्या सहकाऱ्याच्या मनात काय होतं हे तुम्ही त्यांना विचारलेलं नाही. विचारा. ‘तुम्ही तिला दुखावलंत’ इथून सुरू करू नका. त्या डिझाइनमध्ये नेमकं काय चालण्यासारखं नव्हतं, काय ठेवण्यासारखं होतं, हे विचारा. मग सांगा की त्या दिवसापासून ती बोलत नाही आणि त्यामुळे टीमला तिचे मुद्दे मिळत नाहीत. स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला स्पष्ट सांगितलेलं बहुतेक वेळा आवडतं. पुढच्या वेळी त्यांनी काय करायचं तेही ठोस सांगा : आधी डॉक्युमेंटमध्ये लेखी शेरे द्यायचे, प्रत्येक शेऱ्यापुढे तो गंभीर आहे की किरकोळ हे लिहायचं, आणि जे बरोबर आहे त्यालाही बरोबर म्हणायचं. दोष कमी सांगा असं चुकूनही म्हणू नका. त्यांची नजर टीमला हवी आहे.

त्या मुलीशी वेगळं बोला, आणि हे पुढे ढकलू नका. ‘मनावर घेऊ नकोस, त्यांच्याकडे असंच बोलतात’ हे सांत्वन तिला नकोय. त्याचा अर्थ तिला असाच कळेल की हे सहन करत राहायचंय. तिने काय ऐकलं ते आधी तिच्याकडून ऐका. तिने बहुधा ‘तुला जमत नाही’ असं ऐकलंय. त्यांनी कदाचित एवढंच म्हटलं होतं की प्रोग्रॅमचे दोन भाग एकाच ठिकाणी माहिती लिहितायत आणि वापर वाढला की ती बिघडेल. हे दोन वाक्यांमधलं अंतर तिला दिसलं, की पुढचं डिझाइन त्या दोघांनी मिळून, सगळ्यांसमोर येण्याआधीच, एका डॉक्युमेंटवर बसून तपासावं असं सुचवा.

आणि एक थोडी कडवट गोष्ट. त्या मीटिंगमध्ये तुम्हीही होतात. तुम्ही काही बोलल्याचं पत्रात नाही. ‘मुद्दा महत्त्वाचा आहे, तपशील डॉक्युमेंटमध्ये घेऊ, डिझाइनमधला अमुक भाग मात्र मला पटला’ एवढं त्या वेळी म्हटलं असतंत तरी ती एकटी पडली नसती. अशा वेळी मॅनेजरच्या गप्प बसण्याचा अर्थ प्रत्येक देशात सारखाच लागतो.

सांगूनही त्या सहकाऱ्यांनी पुन्हा तसंच केलं, तर मात्र तो संस्कृतीचा प्रश्न राहत नाही, वर्तनाचा होतो. मग कोणाशीही वागाल तसंच वागा. ‘आमच्याकडे असंच चालतं’ ही सबब अपमानाला, बायकांना बोलू न देण्याला, कनिष्ठांवर ओरडण्याला कुठेच लागू होत नाही. जर्मनीत नाही, अमेरिकेत नाही आणि तुमच्या ऑफिसातही नाही.

तुमच्या थकव्याचं खरं कारण मला वेगळंच दिसतं. जर्मनीतून आलेला शेरा तुम्ही मऊ करून खाली देता. खालून आलेला उशीर गोड करून वर देता. जपानची मेल थोडक्यात करून सगळ्यांना सांगता. उशी होऊन मधे बसलात की धक्का कोणालाच लागत नाही हे खरं, पण मग कोणी कोणाला ओळखतही नाही. जर्मनीतल्या सहकाऱ्यांना आपलं बोलणं लागतं हे कळत नाही, डायरेक्टरांना काम अडलंय हे कळत नाही, आणि सगळ्यांचा एकमेकांबद्दलचा गैरसमज तुमच्या जिवावर टिकून राहतो. निरोप पोचवणं हळूहळू बंद करा. दोघांना एकत्र बसवा, पहिल्या वेळी तुम्हीही बसा, दुसऱ्या वेळी बसू नका.

तुमचे डायरेक्टर ‘तुमची माणसं’ म्हणाले ते तुम्हाला टोचलं, ते स्वाभाविक आहे. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी फोर्ड कंपनीची एक गोष्ट त्यांना सांगा. २००६ मध्ये अॅलन मुलाली तिथे प्रमुख म्हणून आले, तेव्हा दर आठवड्याच्या बैठकीत प्रत्येक अधिकाऱ्याचे तक्ते हिरवेगार असायचे, म्हणजे सगळं आलबेल. त्या वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. मुलाली यांनी विचारलं, एवढा तोटा होतोय आणि काहीच बिघडलेलं नाही? मग त्यांतलेच एक अधिकारी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या अडचणीचा लाल तक्ता आणला. खोलीत शांतता झाली आणि मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या काही आठवड्यांत सगळ्यांचे लाल तक्ते बाहेर आले. खरं दडवून ठेवणारे ते सगळे मोठ्या पगाराचे, अनुभवी अधिकारी होते, आणि कंपनी अमेरिकेतली होती.

ही गोष्ट सांगून त्यांच्याकडे एक मागणी ठेवा. पुढचे दोन महिने स्टेटस कॉलवर ते नकोत. त्यांना दर गुरुवारी लेखी अहवाल मिळेल, खात्रीच्या आकड्यांसकट. त्यात कमी आकडा दिसला तर त्यांनी थेट त्या मुलाला फोन करायचा नाही, तुम्हाला करायचा. बहुतेक डायरेक्टर याला तयार होतात, कारण त्यांना शेवटी आदल्या रात्रीचा धक्का नको असतो. ते तयार झाले नाहीत, तर मात्र तुमच्या टीममधली भीती कुठून येते हे तुम्हाला नक्की कळेल.

काही गोष्टी दिसतात संस्कृतीसारख्या, पण असतात घड्याळ आणि कायदा. जर्मनीतली माणसं संध्याकाळनंतर फोन घेत नाहीत असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. युरोपीय संघात दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती हा कायद्याने दिलेला हक्क आहे. फ्रान्समध्ये तर २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याच्या हक्काबद्दल ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. त्याला ‘कामाची ओढ कमी’ म्हणू नका. तसंच, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. जपानमध्ये ती कधीच बदलत नाहीत. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ठरलेले कॉल तासाने इकडेतिकडे होतात आणि कोणीतरी ‘बेशिस्त’ ठरतं. कॉलची वेळ दर तिमाहीला फिरवा, म्हणजे रात्रीचा कॉल कायम एकाच ऑफिसाच्या वाट्याला येणार नाही. तुमच्या डायरेक्टरांनीही एकदा रात्री दहाला परक्या भाषेत नाही तरी पेंगुळलेल्या डोळ्यांनी उत्तरं द्यावीत. त्यांना बरंच काही समजेल.

अप्रेझलच्या वेळी विशेष जपा. वर्षभराच्या गैरसमजांचं तिथे पगारात रूपांतर होतं. स्वतःबद्दल चांगलं लिहिणं काहींना सहज जमतं, काहींना लाज वाटते. स्वतःला कमी गुण देणाऱ्याला तुम्हीही कमी देऊ नका. काम काय झालं याची नोंद तुमच्याकडे वेगळी असू द्या. ज्याच्या मेलने एखादी चूक आधीच टळली, त्याचं नाव त्या नोंदीत असलं पाहिजे, तो मीटिंगमध्ये एक शब्द बोलला नसला तरी.

तुम्ही कडक व्हावं का, याचं उत्तर वर बहुधा आलंच आहे. तुमचा सौम्यपणा अडचण नाही. तो तुम्ही निरोप बदलण्यात खर्च करताय, ही अडचण आहे. तोच सौम्यपणा कमी आकडा लिहिणाऱ्या मुलासमोर वापरा, तिथे त्याची फार गरज आहे.

पद सोडण्याबद्दल : तांत्रिक कामाकडे परत जाणं यात कमीपणा काहीच नाही, आणि ते काम तुम्हाला जास्त आवडत असेल तर जरूर जा. पण आत्ता, डायरेक्टरांचं ते वाक्य ताजं असताना ठरवू नका. आधी लेखी अहवाल आणि तीन दिवस आधीचे प्रस्ताव, या दोनच गोष्टी एक तिमाही चालवून बघा. बाकीचं सगळं नंतर. तिमाही संपल्यावर कॉल नसलेल्या एखाद्या दिवशी स्वतःला विचारा की या माणसांबरोबर काम करायला आवडतंय का. तोवर त्या मुलीला मात्र याच आठवड्यात भेटा.